शटरवरचा संत्रेवाला पाहायलाच हवा

नागपुरात धरमपेठेतल्या एका छोट्या गॅलरीत सध्या रस्त्यावर स्प्रेनं रंगवणाऱ्या पोरांची चित्रं लावली आहेत. जरूर जा. फ्लेक्स येईपर्यंत मी सीताबर्डीत दुकानांच्या पाट्या रंगवायचो, त्यामुळे माझी नजर आधी हातावर जाते.

जुन्या लोखंडी शटरवर काढलेला संत्रेवाला सगळ्यात भारी. त्याच्या मिशीची रेघ बघा: नोझल पत्र्याला जवळपास टेकवून एका दमात ओढलेली, कुठंच फाटलेली नाही. गालासाठी डबा लांब धरलाय, म्हणून कडा धूसर झालीय. शटरच्या पट्ट्यांतून उतरलेले ओघळ त्यानं पुसले नाहीत, हे फार बरं केलं.

कॅनव्हासवरची कामं मात्र आखडल्यासारखी वाटतात. भिंतीवर हात खांद्यापासून फिरतो, इथं मनगटातच अडकलाय. न्यूयॉर्कच्या बास्किया या चित्रकारानंही १९७०च्या दशकाच्या शेवटी भिंतींवरच लिहायला सुरुवात केली होती; पुढं त्याचं १९८२चं एक चित्र २०१७ साली ११ कोटी डॉलरच्या वर गेलं. पण त्याच्या कॅनव्हासवर रस्त्याचा तो बेधडक हात शाबूत राहिला. आपल्या पोरांनाही तेवढी मोठी जागा द्या ना!

माझी खरी तक्रार गॅलरीवाल्यांकडे आहे. चित्राखाली किंमत ठळक, पण या पोरानं शहरात कुठली भिंत रंगवली, ते कुठंच लिहिलेलं नाही. काउंटरवरच्या ताईंनाही सांगता आलं नाही. तो पत्ता मिळाला, तर लोक ती भिंतही बघायला जातील.