मोठं जहाज की मध्यम? क्रूझ ठरवताना आधी किनाऱ्यावरचे तास मोजा

क्रूझचं नक्की झालं की बोलणं लगेच बाल्कनीवाली केबिन घ्यायची की आतली, यावर येतं. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा. आधी जहाजाचा आकार ठरवावा. कोणती बंदरं मिळणार, तिथे किती तास हाती लागणार आणि त्यातले किती रांगेत जाणार, हे बरंचसं आकारावरच ठरतं. इथे तुलना केली आहे ती चार-पाच हजार प्रवाशांच्या मोठ्या जहाजाची आणि साधारण नऊशे ते दोन हजार प्रवाशांच्या मध्यम जहाजाची. शे-दोनशे प्रवासी नेणाऱ्या मोहिमांच्या जहाजांचं गणितच निराळं, ती यात धरलेली नाहीत.

मोठं जहाज म्हणजे सगळीकडे गर्दी, हा समज आकड्यांवर टिकत नाही. ढोबळ टनभाराला (हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप) प्रवाशांच्या संख्येने भागलं की माणशी जागेचा अंदाज येतो. २०२४ साली सुरू झालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे २,४८,६०० ढोबळ टनांचं आहे. एका केबिनमध्ये दोघे धरले तर त्यावर ५,६१० प्रवासी मावतात, म्हणजे माणशी ४४. हॉलंड अमेरिका कंपनीचं ‘झांडाम’ सुमारे ६१,४०० टनांचं आणि १,४३२ प्रवाशांचं, म्हणजे माणशी ४३. फरक जवळजवळ नाहीच. वायकिंग कंपनीच्या ९३० प्रवाशांच्या जहाजांवर हाच आकडा ५१ पर्यंत जातो, तिथे तो जाणवतोही. मात्र शाळांच्या सुट्टीत केबिनमधले तिसरे-चौथे पलंगही भरतात. तेव्हा आयकॉनवर ७,६०० पर्यंत माणसं असू शकतात आणि माणशी ४४ चे ३३ होतात. म्हणून मोठ्या जहाजाचा विचार करताना तारखा आधी सुट्ट्यांशी ताडून पाहाव्यात.

समुद्रातल्या दिवशी मोठं जहाज गर्दीचं वाटत नाही, कारण लोक वीस ठिकाणी विखुरलेले असतात. गर्दी होते ती बंदराच्या दिवशी, सगळ्यांना एकाच वेळी एकाच दिशेला जायचं असतं तेव्हा. बाटली कितीही मोठी घेतली तरी तोंड तेवढंच. पाच हजारांच्या जहाजालाही धक्क्यावर उतरायला बहुधा दोन गँगवे असतात आणि परतताना तपासणीची यंत्रंही मोजकीच. तरी धक्का असेल तर हे सोसवतं, अर्ध्या तासात रांग ओसरते. पारडं मध्यम जहाजाकडे फिरलं ते टेंडरच्या बंदरांमुळे.

जिथे धक्का नाही किंवा धक्क्यापाशी पुरेशी खोली नाही, तिथे जहाज बाहेर नांगर टाकतं आणि माणसं होडीने किनाऱ्यावर जातात. यालाच टेंडर म्हणतात. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमनचं जॉर्ज टाऊन, ग्रीसमधलं सँटोरिनी, फ्रान्समधलं व्हिलफ्रांश, मेक्सिकोतलं काबो सान लुकास ही सगळी अशीच बंदरं. होड्या बहुतेक ठिकाणी जहाजाच्याच जीवरक्षक नौकांपैकी असतात, एकीत शंभर ते दीडशे माणसं बसतात. आता हिशेब करा. चार हजारांपैकी ३,२०० जणांना उतरायचं आहे. चार होड्या चालू आहेत, प्रत्येकीत १२० जण, आणि भरणं, जाणं, रिकामी होणं, परत येणं धरून एका फेरीला ४० मिनिटं. तासाला ७२० माणसं झाली. शेवटचा माणूस किनाऱ्यावर पोचेपर्यंत जवळजवळ साडेचार तास लागतात. १,४०० च्या जहाजावरून १,१०० जण उतरणार असतील आणि शंभर-शंभरच्या तीनच होड्या असतील, तरी हेच काम अडीच तासांत उरकतं. बंदरातला मुक्काम आठ-नऊ तासांचा असतो. परतीची शेवटची होडी जहाज सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच निघते. या साडेचार तासांतले किती तास तुमच्या वाट्याला येतील, ते मग क्रमांकावर अवलंबून.

क्रमांकाची पद्धत सगळीकडे साधारण सारखीच. बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी आली की आधी महागड्या स्वीट केबिनवाले आणि कंपनीचे जुने सदस्य उतरतात, मग जहाजाच्या सहली घेतलेले. उरलेल्यांना थिएटरमध्ये किंवा लाउंजमध्ये क्रमांकाच्या चिठ्ठ्या मिळतात, आणि पुकारा होईपर्यंत तिथेच थांबावं लागतं. खाली होडीच्या दाराशी काम आणखी सावकाश चालतं. होडी आणि जहाजाचा फलाट एकाच लयीत हलत नाहीत. लाट जरा जास्त असली की होडी हातभर वर येते आणि खाली जाते. दोन्ही बाजूंचे खलाशी प्रवाशाचे दंड धरून होडी वर येईपर्यंत थांबवतात, मग ‘आता’ म्हणून पाऊल टाकायला लावतात. दर माणसामागे हे चार-पाच सेकंद वाढले की १२० जणांची होडी भरायला दहाऐवजी वीस मिनिटं लागतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी अशी बंदरं किती आहेत ते आधीच मोजावं. बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर बहुतेक कंपन्या होडीत घेत नाहीत. लाटा फार असल्या तर कप्तान बंदरच रद्द करतो. मग बंदराचे कर परत मिळतात आणि जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसेही मिळतात, पण बाहेर परस्पर ठरवलेल्या गाडीचे पैसे ज्याचे त्याने बघायचे.

सँटोरिनीला हे सगळं एकदमच दिसतं. तिथे माणसं न्यायला स्थानिक बोटी येतात. जहाजाची सहल घेतलेल्यांना अथिनिओसच्या धक्क्यावर उतरवून बसने वर नेतात, स्वतंत्र फिरणाऱ्यांना फिरा गावाच्या पायथ्याशी, जुन्या बंदरात सोडतात. तिथून वर जायला केबल कार, नाहीतर पाचशे ऐंशीच्या वर पायऱ्या. सकाळी गर्दी दोन वाटांनी विभागलेली असते, परतताना मात्र सगळे फिराहून खालीच उतरतात. केबल कार एका फेरीत एका बाजूने ३६ माणसं नेते. दोन-तीन मोठी जहाजं एकाच दिवशी आली असतील तर दुपारनंतर वरची रांग गल्लीत वळून मागे जाते. मग तासभर उभं राहण्यापेक्षा पायऱ्या बऱ्या वाटतात, पण त्याच पायऱ्यांवरून गाढवंही चालतात, तेव्हा चपला कोणत्या घातल्यात ते बघून उतरा.

एक अपवाद सांगायला हवा. रॉयल कॅरिबियन कंपनीची ‘ओअॅसिस’ वर्गातली महाकाय जहाजं टेंडर करतच नाहीत, म्हणून ग्रँड केमनसारखं ठिकाण त्यांच्या मार्गात सापडत नाही. त्यांच्यावर रांगेचा त्रास कमी, पण बंदरांची यादी मोठा धक्का जिथे आहे तेवढ्यापुरतीच, आणि त्यात कंपनीचं स्वतःचं बेट हमखास. सर्वांत जास्त खोळंबा होतो तो तीन ते पाच हजार प्रवाशांच्या जहाजांवर. उलट बाजूही खरी आहे. मध्यम जहाजं आडवळणाच्या बंदरांना जातात, त्यामुळे त्यांच्या मार्गात टेंडरची बंदरं कधी कधी जास्तच निघतात. तरी तिथला खोळंबा अंगावर येत नाही. पहिल्या तासाभरानंतर चिठ्ठ्यांची भानगड बहुधा संपते आणि वाटेल तेव्हा खाली जाऊन होडीत बसता येतं. सहलीच्या दहा दिवसांत चार बंदरं टेंडरची असतील तर माझ्या लेखी एवढ्यावरच निकाल लागतो.

मोठ्या जहाजाच्या बाजूचं बोलायचं तर मुलं बरोबर असतील तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. वयोगटाप्रमाणे मुलांचे क्लब, पाण्याच्या घसरगुंड्या, चौघांची केबिन, संध्याकाळी काय करायचं याचे पाच पर्याय, हे मध्यम जहाज देऊ शकत नाही. तीन-चार रात्रींची सहल असेल आणि एकच बंदर, तेही धक्क्याचं, तरीही मोठंच घ्यावं, कारण अशा सहलीत जहाज हेच ठिकाण असतं. फक्त शो आणि जास्तीच्या पैशांची रेस्टॉरंट निघण्याआधीच ॲपवरून राखून ठेवा, चढल्यावर शोधायला गेलात तर रात्री साडेदहाची वेळ शिल्लक असते. मध्यम जहाजावर अकरा वाजता सामसूम होते. कोणाला ती खुपेल, कोणाला आवडेल.

बोट लागणाऱ्यांना मोठं जहाज सुचवलं जातं आणि त्यात तथ्य आहे, पण जितकं सांगतात तितकं नाही. स्टॅबिलायझर दोन्हींवर असतात, ते डावं-उजवं झुलणं कमी करतात. पुढे-मागे डुलणं त्यांना फारसं आवरत नाही. त्यासाठी जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची केबिन हाच उपाय, जहाज कुठलंही असो. आणि उंच जहाजाचा तोटा बंदरात कळतो. त्याच्या भिंतीएवढ्या बाजूवर वारा बसतो, त्यामुळे जोराच्या वाऱ्यात धक्क्याला लागणं त्याला अवघड जातं.

काही ठिकाणी आकाराने काहीच फरक पडत नाही. मार्गपत्रिकेत ‘रोम’ लिहिलेलं असलं तरी उतरायचं सिव्हिटावेक्कियाला, तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, सुमारे २०० किलोमीटर. ‘व्हेनिस’चंही तसंच. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्कोसमोरून जायला बंदी आहे, मग त्यात मध्यम जहाजंही आली. प्रत्यक्षात उतरायचं बंदर मारघेरा, रावेना किंवा त्रिएस्ते असतं. अंटार्क्टिकात तर दोन्ही हरतात. तिथे ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजावरून कोणालाच उतरता येत नाही, नुसतं पाहून परत यायचं.

पैशांची तुलना करताना भाड्यापाशी थांबू नका. मोठ्या जहाजाचं मूळ भाडं बहुधा कमी असतं, मध्यमचं जास्त, पण रोजची टीप, वायफाय, पेयांचं पॅकेज आणि बंदरापासून शहरापर्यंतची गाडी मिळवली की अंतर बरंच आटतं. पेयांचं पॅकेज एकाने घेतलं तर केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना घ्यावं लागतं, हा नियम अनेक कंपन्यांत आहे. शेवटचा हप्ता साधारण तीन महिने आधी भरायचा असतो. तोवर भाडं उतरलं तर कंपनीला विचारून ते लावून घेता येतं, नंतर नाही.

मध्यमकडे मन वळलं असेल तर केबिन निवडताना डेकचा नकाशा वर-खाली दोन्हीकडचा बघा. पोहण्याच्या डेकखाली पहाटेच खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो, थिएटरच्या वर रात्री ढोल. पुढच्या टोकाच्या खालच्या केबिन टाळा, टेंडरच्या बंदरात सकाळी सहाला नांगराची साखळी तुमच्या उशाशीच सुटते. स्वस्तातली ‘गॅरंटी’ केबिन घेतली तर ही निवड कंपनीच्या हाती जाते, आणि या जागा भरायच्या त्यांनाही असतातच.

दोन्ही प्रकारांसाठी मार्गपत्रिकेत बारीक अक्षरांतला ‘टेंडर’ शब्द किंवा नांगराची खूण शोधा. त्या तारखेला बंदरात आणखी किती जहाजं आहेत तेही क्रूझमॅपरसारख्या संकेतस्थळावर पाहता येतं. मोठंच घेतलं असेल तर टेंडरच्या दिवसापुरती जहाजाची सहल घ्या, म्हणजे पहिल्या होड्यांत जागा मिळते. नसेल घ्यायची तर चिठ्ठ्या वाटायच्या वेळेआधी पंधरा-वीस मिनिटं रांगेत असा, किंवा सरळ अकरानंतर उतरा. मधल्या वेळेत गेलात तर चिठ्ठीचा आकडाही मोठा आणि ऊनही. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, फोन किनाऱ्यावरची वेळ आपोआप घेतो आणि ती तासाने वेगळी असू शकते. परतीच्या धक्क्यावर शेवटच्या होडीच्या दीड तास आधी या. त्या होडीची रांग सर्वांत मोठी असते आणि तिला सावली बहुधा नसते.