आंदोलन ओळखायला चॅनल बरं की पेपर?

एखादं आंदोलन खरोखर लोकांचं किती आणि त्यात बाहेरून हवा किती भरली गेली, हे ओळखायचं असेल तर घरात काय ठेवावं, बातम्यांचं चॅनल की सकाळचा पेपर? मोबाइलवरच्या फॉरवर्डना यात धरत नाही. त्यांचा मालकच सापडत नाही. आमच्याकडे दोन्ही बरीच वर्षं होतं.

आधी चॅनलची बाजू. 2011 चा ऑगस्ट आठवा. भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी लोकपाल हवा म्हणून उपोषणाला निघालेल्या अण्णा हजारेंना 16 तारखेला अटक करून तिहारला नेलं, 19 ला ते रामलीला मैदानावर आले, 28 ला उपोषण सुटलं. राळेगणसिद्धीचा एक टोपीवाला माणूस दिल्लीच्या सरकारला घाम फोडतोय, हे दुसऱ्या दिवशी सकाळी वाचण्यात कसली मजा! चॅनलवर चेहरे दिसतात, मंत्री उत्तर देताना अडखळला तर त्याच क्षणी कळतं. इथे पेपर पार मागे पडतो, वादच नाही.

पण काय दाखवायचं हे कशावरून ठरतं? त्या काळी कोण काय बघतं ते मोजणारे टीआरपीचे मीटर शहरातल्या घरांत होते, खेड्यात नव्हतेच. जाहिरातीचे पैसे त्या मीटरवर. मग शहरी मध्यमवर्गाला जो राग आपला वाटेल तो दिवसभर दाखवायचा, एवढं साधं गणित. त्यासाठी मालकाला फोनसुद्धा करावा लागत नाही. त्याआधी नोव्हेंबर 2010 मध्ये नीरा राडिया टेप बाहेर आल्या होत्या. बड्या उद्योगसमूहांचा जनसंपर्क सांभाळणाऱ्या बाई आणि दिल्लीतले नामवंत पत्रकार यांची मंत्रिमंडळातल्या खात्यांवर चाललेली बोलणी. त्या छापल्या ‘ओपन’ आणि ‘आउटलुक’ या नियतकालिकांनी. बहुतेक चॅनलं सुरुवातीला गप्प होती. पुढच्या एप्रिलमध्ये हीच चॅनलं जंतरमंतरवरून भ्रष्टाचाराविरुद्ध घसा कोरडा करत होती. लोकपालाच्या कक्षेत मंत्री येतात, बाबू येतात, मग कंपन्या आणि माध्यमं बाहेर का, हा सवाल त्याच ऑगस्टमध्ये ‘द हिंदू’त छापून आला. चॅनलवर तो मला तरी क्वचितच ऐकू आला. कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही, आणि अण्णांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. सोय मात्र बऱ्याच जणांची झाली.

पेपर तरी कुठे धुतल्या तांदळासारखे? 2009 च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातली पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला प्रचार, पत्रकार पी. साईनाथ यांनी उघडी पाडली. एकच मजकूर वेगवेगळ्या पेपरांत, वेगवेगळ्या नावांनी. प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर 71 पानांचा अहवाल तयार केला, तर कौन्सिलने तो आधी पूर्ण प्रसिद्धच केला नाही. माहिती आयोगाच्या आदेशानंतर 2011 मध्ये तो बाहेर आला. सरकारी जाहिरातींवर जगणारा छोटा पेपर आणि बिल्डरच्या पानभर जाहिरातीवर जगणारा मोठा पेपर, दोघांचेही हात बांधलेलेच. त्यामुळे पेपर स्वच्छ आणि चॅनल बरबटलेलं, असा निवाडा मला करता येणार नाही.

माझं ठरलं ते एका वेगळ्याच वैतागाने. चॅनलला काल नसतो.

27 डिसेंबर 2011 ला अण्णा मुंबईत एमएमआरडीए मैदानावर उपोषणाला बसले. गर्दी विरळ होती, दुसऱ्याच दिवशी उपोषण आटोपलं. ऑगस्टमध्ये ज्यांनी आंदोलन डोक्यावर घेतलं होतं, तेच अँकर आता माणसं कुठे गेली म्हणून विचारत होते. ऑगस्टमध्ये ते नेमकं काय म्हणाले होते? गर्दीचा आकडा किती सांगितला होता? ताडून बघायला हातात काहीच नाही. यूट्यूबवर क्लिपा असतात, कबूल, पण कुठल्या ठेवायच्या ते चॅनल ठरवतं. खालून सरकून गेलेली पट्टी, दुपारभर फिरवून फिरवून दाखवलेलं तेच एक गर्दीचं दृश्य, यांचा मागमूस राहत नाही. आणि हवा भरली जाते ती नेमकी तिथेच.

पेपर खोटं छापतो तेव्हाही तारीख घालून छापतो. कात्रणं काढून शेजारीशेजारी ठेवली की बातमी पहिल्या पानावरून सातव्यावर कधी सरकली ते दिसतं, त्या आठवड्यात पहिल्या पानावर कुणाची जाहिरात होती तेही दिसतं. मार्च 2018 चा किसान लाँग मार्च घ्या. 6 तारखेला नाशिकहून निघालेले आदिवासी शेतकरी, वनजमिनीचे हक्क मागत चालत होते. दहावीच्या पोरांना परीक्षेला त्रास नको म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्रीतून चालून आझाद मैदान गाठलं. राष्ट्रीय चॅनलांना ते मुंबई जवळ आल्यावर दिसले. माझ्या फाइलमधलं पहिलं कात्रण त्याआधीचं आहे, दोन कॉलमांचं, आतल्या पानावरचं. लहान होतं, पण होतं.

2020 च्या शेवटी दिल्लीच्या सीमांवरचे शेतकरी अंबानी-अदानींच्या नावाने घोषणा देत होते. नेटवर्क18 हा चॅनलांचा समूह तोवर अंबानींच्या रिलायन्सकडे येऊन सहा वर्षं झाली होती; एनडीटीव्ही अदानींकडे गेलं ते पुढे, 2022 च्या अखेरीला. चॅनलांवर चिडलेल्या त्या लोकांनी मोबाइलवरून व्हिडिओ टाकलेच, पण शिवाय चक्क पेपर काढला: ‘ट्रॉली टाइम्स’, पंजाबी आणि हिंदीत. मला ते वाचून फार बरं वाटलं, लपवत नाही.

तुमचं काम वेगळं असू शकतं. घरात म्हातारी माणसं असतील, बारीक अक्षर वाचवत नसेल, तर चॅनल ठेवाच. निकालाच्या दिवशी मीही शेजाऱ्यांकडे जाऊन बसतो. पेपर लावणार असाल तर दोन लावा, वेगवेगळ्या मालकांचे, त्यातला एक जिल्ह्याचा असला तर उत्तम. मालक कोण ते शोधायलाही फार लांब जावं लागत नाही. फेब्रुवारी संपला की आतल्या एखाद्या पानावर बारीक टायपात पेपर आपल्या मालकीचं निवेदन छापत आलेत, आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावं त्यात असतात.