गाडीला रबर कोटिंग मारू की सरळ पेंट करू?

गाडीचा रंग बदलायचाय पण पेंट की सोलून काढता येणारं रबर कोटिंग (प्लास्टी डिप वगैरे) यात अडकलाय ना, मग आधी जुना पेंट नीट बघ. पापुद्रे सुटलेत, गंज आहे, तर रबरचा विचारच सोड, कारण ते खालचं काही झाकत नाही आणि सोलताना सुटलेला पेंट पण सोबत घेऊन येतं.

खर्चात रबर स्वस्त, घरी मारता येतं, घासकाम, प्रायमर (रंगाआधीचा थर), क्लिअरकोट (रंगावरचा पारदर्शक थर) काही नाही, फक्त गाडी एकदम स्वच्छ आणि कोरडी हवी. पण हात मारायचे ५-६ तरी, कंटाळा करून पातळ ठेवलं की खरी बोंब सोलताना, अख्खी शीट निघायच्या ऐवजी तुकडे तुकडे नखाने खरवडत बसायचं. कडेला रंग जाऊ नये म्हणून लावलेली मास्किंग टेप पण थर ओला असतानाच काढायची, वाळल्यावर ओढली की कड फाटते.

टिकायला पेंटच भारी, नीट केला तर कित्येक वर्षं बघायला नको. रबर साधारण २-३ वर्षं, उन्हात अजून लवकर कडक होतं. पेट्रोल सांडलं की विरघळतं, त्यामुळे टाकीच्या झाकणापाशी हमखास वाट लागते. रबिंग पॉलिश चालत नाही, प्रेशर वॉशर पण लांबूनच.

ओरिजिनल पेंट चांगला असेल आणि नुसती हौस असेल तर रबर मार, आधी व्हील्सवर करून बघ. गाडी बरीच वर्षं ठेवायचीय किंवा डेंट-गंज काढायचाय तर पेंटच.