नागपुरी कूलर कोल्हापुरात : दुपारी पाण्यावर, रात्री कोरडा

१८ इंची पंखा, पत्र्याची बॉडी, तीन बाजूंना वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या बारीक तासांच्या ताट्या आणि खाली साठ लिटरची टाकी. नागपुरात घरोघरच्या खिडकीत दिसणारा हा लोखंडी कूलर कोल्हापुरातही विकत मिळतो. "तिकडं ४५ अंशात चालतो, मग इथं तर घर गार पडेल" असं म्हणून लोक तो घेतात आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात कूलर खराब निघाला म्हणून दुकानात तक्रार घेऊन जातात. बहुतेक वेळा कूलरमध्ये काहीच बिघाड नसतो, बदललेली असते हवा. यंत्र म्हणून नागपूरसाठी याला पाचपैकी साडेचार द्यावेत. कोल्हापूरसाठी तीन, आणि तेही नीट वापरला तरच.

दोन्ही शहरांत वर्षाचा पाऊस हजार-अकराशे मिलीमीटरच्या घरातच पडतो, त्यामुळं हवा सारखीच असेल असं वाटतं. पण नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे आणि कोणताही समुद्र तिथून पाचशे किलोमीटरपेक्षा लांब. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि अरबी समुद्र हवाई अंतरानं जेमतेम शंभर किलोमीटर. मध्ये सह्याद्री आहे खरा. पाच हजार मिलीमीटरहून जास्त पावसाचं गगनबावडा त्याच धारेवर आहे. पण संध्याकाळी घाटमाथा ओलांडून पश्चिमेचा वारा आत येतोच, आणि येताना दमटपणा घेऊन येतो. कूलरचं यशापयश या वाऱ्यावर ठरतं.

कूलर हवा थंड करतो म्हणजे पाण्याची वाफ करतो, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता हवेतूनच घेतो. हवा जितकी कोरडी तितकी वाफ जास्त. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरलं की पारा जिथं थांबतो, तो ओला पारा. त्याच्या खाली कोणताही कूलर जाऊ शकत नाही. नवीन, नीट भिजलेल्या ताट्या कोरड्या आणि ओल्या पाऱ्यातल्या फरकाचा सुमारे ८० टक्के भाग उतरवतात.

आता आकडे मांडू. नागपुरात मेमधली दुपार, ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली तर ओला पारा २२-२३ वर थांबतो आणि कूलरमधून साधारण २७ अंशांची हवा येते. कोल्हापुरात एप्रिलची दुपार, ३७ अंश आणि ३० टक्के. ओला पारा २३-२४, आणि बाहेर येणारी हवा पुन्हा २६-२७ अंशच! म्हणजे मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी हा कूलर कोल्हापुरात चोख काम करतो. या काळातली तक्रार मात्र तपासायला हवी, कारण तेव्हा दोष ताटीत किंवा पंपात असतो.

खरा फरक पुढं पडतो. २५ मेच्या सुमारास नागपुरात नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू होतात आणि कूलर दिवसरात्र पाण्यावर चालतात. त्याच दिवसांत इकडं वळीव पडून गेलेला असतो आणि आभाळ भरून यायला लागतं. ३५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला घट होते साडेसहा-सात अंशांची. रात्री ३० अंश आणि ७० टक्क्यांना उरते फक्त साडेतीन अंश. त्यात खोलीतली हवा ओलसर होऊन अंग चिकचिकतं, अंथरूण दमट लागतं आणि डब्याबाहेर राहिलेले पापड सादळतात. मग लोक पंप जोरात करतात, टाकीत बर्फ टाकतात. बर्फानं थोडा वेळ बरं वाटतं, पण दमटपणा तसाच राहतो.

कोल्हापूरचं बलस्थान वेगळंच आहे. उन्हाळ्यातही इथली रात्र बऱ्यापैकी उतरते, पहाटे पारा अनेकदा २२-२३ वर असतो. नागपुरात मेमधली रात्र २८च्या आसपास अडते. म्हणून इथं दुपारी बारा ते सहा कूलर पाण्यावर चालवावा आणि सातनंतर पंप बंद करून नुसता पंखा ठेवावा. पंप बंद केल्यावर ताट्या वाळेपर्यंत अर्धा-एक तास दमट हवा येईल, नंतर बाहेरची गार हवा आत ओढली जाते आणि दिवसभर तापलेला स्लॅब लवकर निवतो. त्यासाठी पंपाचं बटण पंख्यापेक्षा वेगळं असलंच पाहिजे. घेताना हे आधी बघा. काही स्वस्त कूलरांत दोन्ही एकाच बटणावर असतात, ते कोल्हापूरसाठी घेऊ नका.

पाणी सोडावं की नाही असा रोज संशय असेल तर दोन साधे तापमापक घ्या, एकाच्या फुग्याला ओलं मलमल बांधा आणि दोन्ही पाच मिनिटं वाऱ्यात धरा. फरक आठ अंशांहून जास्त असेल तर पाणी सोडा, पाचच्या खाली असेल तर पंप नकोच.

आकाराबाबत दुकानदार मोठाच दाखवतात. १२ बाय १२ फुटांच्या, दहा फूट उंच खोलीला तासाला १२००-१५०० घनमीटर हवा पुरते. १८ इंची पंखा याच्या दुप्पट देतो, तो हॉलसाठी. आणि आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवीच. १८ इंचीला समोरच्या बाजूला सुमारे साडेतीन चौरस फूट, म्हणजे दीड फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच उघडी खिडकी ठेवा. पेठांतल्या एकाच खिडकीच्या खोल्यांत कूलर फसतो तो इथंच. दार बंद केलं की तीच ओली हवा फिरत राहते.

पाणी किती लागतं? तासाला ३००० घनमीटर हवा दहा अंशांनी उतरवायला १२-१३ लिटर. साठ लिटरची टाकी साडेचार-पाच तासांत संपते आणि कोरडा पंप जळतो, म्हणून पाणी कमी झालं की आपोआप भरणारा फ्लोट बसवूनच घ्या. बोअरचं पाणी असेल तर क्षार मागे राहतात. पंपाची जाळी आणि वरच्या नळीची भोकं बुजतात, ताटीवर कोरडे पट्टे दिसतात आणि हवा तिथूनच गरम आत येते. दर तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. वुडवूल महिनाभरात खाली बसतं आणि वरच्या कडेला दोन बोटं फट पडते. ती दाबून भरली नाही तर निम्मी मेहनत वाया.

वीज एसीच्या मानानं फारच कमी लागते, पण लोखंडी बॉडी आणि पाणी एकत्र म्हणजे अर्थिंग नसलेल्या जुन्या वायरिंगवर हा कूलर लावूच नये. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच बसवा आणि पाणी भरताना पिन काढा. मुलांचा हात पोचतो तिथं तर यात एक टक्काही ढिलाई नको. पत्रा सडला तर कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, उद्यमनगरात नवीन तळ सहज करून मिळतो, हा इथला फायदा.

नागपुरात बरेच कूलर वर्षभर खिडकीतच राहतात. इथं जूनचा पश्चिमेचा पाऊस आडवा येतो, तेव्हा मृगाच्या आधी उतरवा. टाकी पुसून पंखा दोन तास कोरडा चालवा, वुडवूल काढून टाका, गंजलेल्या जागा घासून रेडऑक्साइडचा गंजरोधक रंग मारा. वर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळू नका, आत ओल धरते. जुनी चादर टाका आणि मोटरीचा शाफ्ट महिन्यातून एकदा हातानं फिरवा.