एकट्याने ब्रेक ऑइल बदलायचा पंप: घ्यावा का?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप आणला. पिस्तुलासारखी मूठ, डोक्यावर काटा, सोबत पारदर्शक बाटली, नळ्या आणि रबरी टोप्यांची पिशवी. वॅगनआरचं ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी मीच बदलतो. आजवर हिला पेडलवर बसवून ‘दाब... धर... सोड’ चालायचं आणि पार्किंगमधल्या लोकांना वाटायचं, नवरा-बायको भांडतायत.

जुनं ऑइल उपसायला पंप झकास. वरच्या डबीतलं काळपट ऑइल ओढून घेतलं, नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) भरलं आणि मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा भाग) उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबचं चाक ते. (काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा.) नळीत चहाच्या रंगाचं ऑइल जाऊन फिकट पिवळं यायला लागलं की निपल (चाकाजवळचा ऑइल सोडायचा पोकळ स्क्रू) बंद. डबीवर मात्र सारखी नजर हवी. ती रिकामी झाली की लाइनीत हवा शिरलीच.

घोळ बुडबुड्यांचा आहे. निपल सैल केलं की पंप त्याच्या आट्यांमधूनही बाहेरची हवा ओढतो. नळीत बुडबुडे थांबतच नाहीत आणि हवा लाइनीतली की बाहेरची, ते कळायला मार्ग नाही. खोक्यातल्या कागदावर याबद्दल अवाक्षर नाही. आट्यांभोवती सिलिकॉन ग्रीस फासलं की बरेच कमी होतात. साधं ग्रीस नको, ते ब्रेकच्या रबराची वाट लावतं. तरीही खात्रीसाठी शेवटी पेडल मारावंच लागलं, म्हणजे हिला खाली बोलवावं लागलंच. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या गाडीत ते तळापर्यंत गेलं तर मास्टर सिलिंडरचे सील फाटू शकतात.

ऑइलचा डबा छोटा आणि सीलबंद घ्या. हे ऑइल हवेतलं पाणी पितं, आणि आपल्या मुंबईत हवेला पाण्याची काय कमी! नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश. पाणी मुरलं की मानकानुसार तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. कसारा घाट उतरताना तेवढं तापमान होऊ शकतं, मग ऑइलची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. गेल्या पावसाळ्यात फोडलेला डबा वापरायचा नाही, कितीही उरलेला असो.

उपसण्यासाठी पंप जरूर घ्या, पण त्याच्यासोबत मिळणारा फिक्स पाना बाजूला ठेवा. गंजलेल्या निपलचे कोपरे तो गोल करतो. रिंग पाना वेगळा घ्या, आणि रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.