बिनव्याजी ओव्हरड्राफ्टचे चौदा महिने आणि १ पौंड ८२ पेन्स

ऑक्टोबरात ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात पैसे नसताना बँक काढू देते ते उसने पैसे, वापरल्याचं १ पौंड ८२ पेन्स व्याज माझ्या खात्यातून गेलं. एवढ्याशा रकमेसाठी एवढं लिहायचं का? हो, तेवढ्यासाठीच. एक पेनीही व्याज द्यायचं नाही असं ठरवून मी हे खातं घेतलं होतं, आणि नऊ महिने ते पाळलंही होतं.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना या खात्याचा प्रकार माहीत आहे. शून्याखालचे पहिले २५० पौंड बिनव्याजी, त्यापुढे मंजूर मर्यादेपर्यंत वार्षिक ३९.९ टक्के. मला मर्यादा १,००० पौंडांची मिळाली. मागितली नव्हती एवढी, पण अर्जात आली आणि मी राहू दिली. ही माझी चूक, तिच्याकडे पुढे येतेच. जुनं खातं बंद करून, बँक बदलून देणाऱ्या स्विच सेवेतून आले, सात कामाच्या दिवसांत सगळे डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप जाणारी बिलं) इकडे आले. त्यात त्रास शून्य.

आमचं गणित असं: पगार महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. भाडं १ तारखेला, काउन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी) ५ ला, मुलीच्या नर्सरीची फी १३ ला. फी गेली की खातं शून्याच्या खाली उतरतं आणि पगारापर्यंत शंभर-दोनशे पौंड उणे राहतं. बचत खात्यात थोडे पैसे असतात, पण ते मोडायचे नाहीत हा घरातला नियम. अशा वेळी हे २५० पौंड म्हणजे शेजारणीकडून घेतलेले हातउसने. पगार झाला की फिटतात, वर काही द्यावं लागत नाही. पहिले नऊ महिने मी भेटेल त्याला या खात्याचं कौतुक सांगत होते.

ऑक्टोबरात गाडी एमओटीला, म्हणजे सक्तीच्या वार्षिक तपासणीला, गेली आणि दोन टायर बदलावे लागले. कार्डानं पैसे दिले. खातं उणे ४३० वर गेलं आणि पगार होईपर्यंत अकरा दिवस तिथेच राहिलं. म्हणजे बिनव्याजी भागाच्या वर १८० पौंड. या दरानं १०० पौंडांवर दिवसाला साधारण ९.२ पेन्स पडतात. गुणाकार करून पाहा, १ पौंड ८२ पेन्सच येतात. बँकेचा हिशेब चुकलेला नाही. माझी तक्रार हिशेबाची नाहीच.

तक्रार सूचनेची आहे. खातं शून्याखाली गेलं त्या सकाळी फोनवर संदेश आला. ते मला माहीतच होतं, मी दर महिन्याला ठरवूनच शून्याखाली जाते. पण २५० ची रेघ ओलांडली, फुकटचं संपून चाळीस टक्के सुरू झाले, तेव्हा फोन गप्प. जिथे पैसे लागत नाहीत तिथे घंटा आणि जिथे लागतात तिथे शांतता! मग ॲपच्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे सोय आहे, ‘शिल्लक अमुक रकमेच्या खाली गेल्यास कळवा’. मी टाकायला गेले उणे २००. त्या चौकटीत उणे चिन्ह घेतच नाही. शून्य चालतं, पाच चालतात, पाच हजार चालतात, उणे एक चालत नाही. ज्या खात्याचं मुख्य आकर्षणच शून्याखालचे २५० पौंड आहेत, त्याच्या सूचनेला शून्याखालचा आकडा कळत नाही. ओव्हरड्राफ्ट वापरणाऱ्या एखाद्याकडून हे ॲप एकदा तरी तपासून घेतलं असतं तर पहिल्याच दिवशी हे सापडलं असतं.

आधी चॅटवर विचारलं. तीन वेळा तेच तयार उत्तर आलं, शिल्लक तपासत राहा. मग लेखी तक्रार केली. उत्तराला बँकेकडे आठ आठवडे असतात, मला पाचव्या आठवड्यात पत्र आलं. व्याज अटींप्रमाणे आहे, आकारणीची आगाऊ सूचना दिली होती, परत मिळणार नाही. पटलं नाही तर सहा महिन्यांत फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या संस्थेकडे, जा, असंही शेवटी होतं. ऑम्बुड्समनकडे जायला ग्राहकाला पैसे पडत नाहीत, त्यामुळे मी फॉर्म अर्धा भरलाही होता.

इथून माझं मत बदलायला लागलं. ऑम्बुड्समनपुढे मांडायला म्हणून मी जुने नियम वाचून काढले. ६ एप्रिल २०२० पर्यंत इथल्या बँका ओव्हरड्राफ्टवर रोजचा ठरावीक दंड लावू शकत होत्या. मंजुरीशिवाय १०० पौंड उणे गेलात तर दिवसाला ५ पौंडही जात. बँकांवर देखरेख करणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीनं ते बंद केलं. आता फक्त वार्षिक व्याजदर, आणि मंजुरीबाहेरचा ओव्हरड्राफ्ट मंजूर ओव्हरड्राफ्टपेक्षा महाग ठेवायचा नाही. २०१६ मध्ये मंजुरीबाहेरच्या ओव्हरड्राफ्टच्या शुल्कातला निम्म्याहून जास्त पैसा जेमतेम दीड टक्का ग्राहकांकडून आला होता. ते वाचताना फार वाईट वाटलं. ज्यांच्याकडे सर्वांत कमी होतं, त्यांच्याकडूनच घेतलं जात होतं. डिसेंबर २०१९ पासून ओव्हरड्राफ्टची रक्कम ‘उपलब्ध पैसे’ म्हणून दाखवायलाही मनाई आहे. माझ्या ॲपमध्ये तेव्हा उणे २१२ ठळक आणि मर्यादेत उरलेले ७८८ खाली वेगळे दिसायचे, ते त्यामुळे. आधीच्या दंडांपुढे माझे १ पौंड ८२ पेन्स काहीच नव्हते, म्हणून ऑम्बुड्समनचा फॉर्म पुढे भरला नाही. उणे चिन्हाची तक्रार मात्र अजून कायम आहे.

बँकेला शेवटचा फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी एक साधी गोष्ट सांगितली, जी चॅटनं तीन वेळात सांगितली नव्हती. मर्यादाच २५० करून टाका. ॲपमध्ये कमी करणं लगेच होतं, वाढवायला मात्र पुन्हा अर्ज आणि क्रेडिट तपासणी. मी त्याच संध्याकाळी १,००० ची २५० केली. आता फुकटचं संपतं तिथेच मर्यादा संपते.

जानेवारीत त्याची परीक्षा झाली. खातं उणे २३१, आणि २६ तारखेला पाण्याच्या बिलाचे ३८ पौंड जाणार होते. सकाळी सातच्या आत संदेश: आजचं एक पेमेंट होऊ शकत नाही, दुपारी दोनपर्यंत पैसे भरा. बचत खात्यातून ४० पौंड टाकले, बिल गेलं, व्याज शून्य. मला ऑक्टोबरात हवा होता तो हाच संदेश! घरातला नियम एका दिवसापुरता मोडला, पण त्या दिवशी मी खरोखर खूश होते.

तोटाही आहे. पेट्रोल पंपावर मशीनला कार्ड लावलं की बरीच मोठी रक्कम आधी राखून ठेवली जाते, आणि महिनाअखेरीस माझ्याकडे तेवढी जागा नसते. म्हणून त्या आठवड्यात आत काउंटरवर पैसे देते.

शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांनी विद्यार्थी खात्यांच्या मोठ्या बिनव्याजी मर्यादांवर भिस्त ठेवू नये. बहुतेक बँका त्यासाठी इथे काही वर्षं राहिल्याची अट घालतात. आणि घरासाठी कर्ज काढायचं असेल तर आधीचे काही महिने उणेत जाणं टाळा. स्टेटमेंट मागतात आणि ते ओळीओळीनं वाचलं जातं. बँक ओव्हरड्राफ्ट कधीही परत मागू शकते हेही अटींत लिहिलेलं आहे, माझ्याकडे अजून मागितलेला नाही.

खातं ठेवणार आहे. मर्यादा २५० केल्यापासून व्याज एकदाही गेलेलं नाही. आज २३ तारीख, खात्यात उणे ११८, पगार ३१ ला. सूचनेच्या चौकटीत आज सकाळी पुन्हा उणे २०० टाकून पाहिलं. अजूनही घेत नाही.