मानसशास्त्राची ओळख – ऑनलाइन कोर्स, माझा अनुभव

पर्सनॅलिटी थिअरीज आणि मानसिक आजार असे दोन भाग आहेत, दोन्ही पूर्ण केले. पहिला भाग ठीकठाक, फ्रॉइडचं इड, इगो, सुपरइगो (त्याने मांडलेले मनाचे तीन भाग) यातच निम्मा वेळ जातो आणि आज संशोधनात जे जास्त वापरलं जातं ते बिग फाइव्ह (स्वभाव पाच गुणांवर मोजणारं मॉडेल) मात्र एका लेक्चरमध्ये उरकलंय, हे मला खरंच खटकलं.

पण दुसरा भाग! डिप्रेशनचं लेक्चर मी तीनदा बघितलं. डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन मॅन्युअल) ९ लक्षणं दिलीत, त्यातली किमान ५ सलग २ आठवडे हवीत, आणि त्यात उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यापैकी एक असलंच पाहिजे, हे मॅडमनी एका पेशंटचं उदाहरण घेऊन इतकं शांतपणे उलगडून सांगितलं की माझ्या बहिणीचे ते दिवस डोळ्यासमोर आले, आम्ही तिला तेव्हा आळशी म्हणायचो.

१९७३ मध्ये समलैंगिकता डीएसएममधल्या आजारांच्या यादीतून काढली तेही नीट सांगितलंय. क्विझ फारच सोप्या आहेत, नुसतं पाठांतर. तरी घ्याच, आणि वेळ कमी असेल तर सरळ दुसऱ्या भागापासून सुरू करा.